वर्गसमीकरणाचे दुसरे उत्तर

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात माकडांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग केला तर जेवढी संख्या येते तेवढी माकडे रानात हुंदडत आहेत आणि उरलेली बारा टेकडीवर बसली आहेत. कळप केवढा? उत्तरे दोन येतात, १६ आणि ४८. सोळाचा आठवा हिस्सा दोन, त्याचा वर्ग चार, अधिक बारा. अठ्ठेचाळीसचा आठवा हिस्सा सहा, त्याचा वर्ग छत्तीस, अधिक बारा. दोन्ही जुळतात आणि भास्कराचार्य दोन्ही मान्य करतात.

दुसऱ्या उदाहरणात कळपाचा पाचवा हिस्सा घ्यायचा, त्यातून तीन वजा करायचे आणि उरेल त्याचा वर्ग करायचा. तेवढी माकडे गुहेत गेली, एक तेवढे फांदीवर दिसते. इथेही उत्तरे दोन, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा हिस्सा दहा, तीन गेले सात, त्याचा वर्ग एकोणपन्नास, अधिक एक. झाले पन्नास. पाच घेतले तर पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले की उणे दोन, त्याचा वर्ग चार, अधिक एक. झाले पाच. आकडेमोडीत कुठेही खोट नाही. तरीही भास्कराचार्य बजावतात की हे दुसरे उत्तर इथे घेऊ नये, कारण अशी ऋण राशी लोकांना पटत नाही. उत्तर चुकले आहे असे ते म्हणत नाहीत, लोकांना पटत नाही एवढेच म्हणतात. सन ११५० च्या सुमारास इतक्या नेमकेपणाने लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

दहावीत वर्गसमीकरणे शिकताना आपणही हेच करतो. शेताची लांबी काढायची असते, एक उत्तर १२ येते आणि दुसरे उणे १५. मग ‘लांबी ऋण नसते, म्हणून हे उत्तर अग्राह्य’ असे लिहून आपण मोकळे होतो. त्या गणितापुरते ते योग्यच असते. पण वर्गसमीकरणाचा गणिताच्या इतर शाखांशी संबंध कुठे येतो असे कोणी विचारले, तर मी या अग्राह्य ठरवलेल्या गोष्टींकडे बोट दाखवीन. ऋण मूळ, ऋण संख्येचे वर्गमूळ, पूर्णांकात न बसणारे उत्तर, अधिक-उणे हे जोडचिन्ह. एकेक गोष्ट कोणीतरी टाकून न देता हातात धरून ठेवली आणि तिच्यातून गणिताचा एकेक नवा प्रांत उभा राहिला.

आधी समीकरण सुटते कसे ते पाहू. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बॅबिलोनची एक मातीची पाटी आहे, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावरचे पहिलेच गणित असे: चौरसाचे क्षेत्रफळ आणि त्याची बाजू यांची बेरीज पाऊण आहे, तर बाजू केवढी? पाटीवर सूत्र नाही, फक्त कृती आहे. एक घ्या, अर्धा करा. अर्ध्याचा वर्ग पाव. तो पाऊणमध्ये मिळवा, एक होतो. एकाचे वर्गमूळ एक. त्यातून अर्धा काढा. बाजू अर्धी.

ही कृती का चालते, हे नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीने आकृती काढून दाखवले. त्याचे गाजलेले उदाहरण क्ष² + १०क्ष = ३९ असे आहे. एक चौरस काढा, बाजू क्ष. १०क्ष म्हणजे दहा रुंद आणि क्ष लांब अशी पट्टी. तिचे उभे दोन तुकडे करा, प्रत्येक पाच रुंद. एक तुकडा चौरसाच्या उजव्या बाजूला चिकटवा, दुसरा खाली. आता मोठा चौरस जवळजवळ पुरा झाला, फक्त कोपऱ्यात पाच बाय पाचची जागा रिकामी राहिली. ती भरायला २५ हवेत, म्हणून दोन्हीकडे २५ मिळवले. ३९ अधिक २५ म्हणजे ६४, मोठ्या चौरसाची बाजू ८, त्यातून ५ गेले की क्ष = ३. शाळेत ‘पूर्ण वर्ग पद्धत’ या नावाने जे शिकतो ते हेच कोपरा भरणे. फळ्यावर ही आकृती एकदा काढून दाखवली की मुलांना सूत्र पाठ करण्याची धास्ती उरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

या समीकरणाचे दुसरे मूळ उणे १३ आहे. आकृतीत ते कुठेच दिसत नाही आणि अल्-ख्वारिझ्मी त्याचे नावही काढत नाही. ऋण संख्या नसल्यामुळे त्याला समीकरणांचे सहा वेगवेगळे प्रकार करावे लागले आणि प्रत्येकाची रीत स्वतंत्र द्यावी लागली. त्याच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षे, सन ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम घालून दिले होते. ऋण सहगुणक चालतो म्हटल्यावर सगळे प्रकार एका समीकरणात मावतात: अ·क्ष² + ब·क्ष + क = ०.

त्यावर श्रीधराचार्यांची युक्ती फार देखणी आहे. त्यांचा बीजगणितावरचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही, रीत भास्कराचार्यांनी त्यांच्या नावानिशी सांगितली म्हणून आपल्यापर्यंत पोहोचली. खरी अडचण मधल्या पदाची असते. ते नसते तर नुसते वर्गमूळ काढून भागले असते. म्हणूनच जुन्या ग्रंथांत या प्रकरणाचे नाव ‘मध्यमाहरण’, म्हणजे मधले पद घालवणे, असे आहे. श्रीधर सांगतात की दोन्ही बाजूंना ४अ ने गुणा आणि ब² मिळवा. डावीकडे (२अ·क्ष + ब)² हा पुरा वर्ग उभा राहतो, उजवीकडे ब² − ४अक उरते, आणि कुठेही अपूर्णांकाचा त्रास नाही. दुसऱ्या माकडांच्या गणितावर रीत चालवून पाहा. समीकरण येते क्ष² − ५५क्ष + २५० = ०. चारने गुणून ५५ चा वर्ग ३०२५ मिळवला की (२क्ष − ५५)² = २०२५. वर्गमूळ ४५, धन किंवा ऋण. म्हणून २क्ष एकदा १०० आणि एकदा १०.

उजवीकडे उरलेल्या ब² − ४अक या राशीला आपण विवेचक म्हणतो. यापुढचे जवळपास सगळे या एका राशीभोवती फिरते.

विवेचक ऋण आला तर काय? भास्कराचार्यांनी स्पष्ट लिहिले की ऋण राशीला वर्गमूळ नाही, कारण ती कोणाचाच वर्ग नाही. युरोपात १५४५ मध्ये कार्दानोने ‘आर्स माग्ना’त एक गणित घातले: दहाचे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार ४० यावा. त्याला ५ + √−१५ आणि ५ − √−१५ ही उत्तरे मिळाली, गुणाकार करून पाहिला तर खरोखर ४० आला. पण हे जितके सूक्ष्म तितकेच निरुपयोगी, असे म्हणून त्याने विषय सोडला.

इथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. संमिश्र संख्या वर्गसमीकरणामुळे स्वीकाराव्या लागल्या असे बऱ्याचदा सांगितले जाते. प्रत्यक्षात वर्गसमीकरणात ‘उत्तर नाही’ म्हणून सुटका करून घेता येत होती. घनसमीकरणाने ती वाट बंद केली. बॉम्बेलीने १५७२ मध्ये क्ष³ = १५क्ष + ४ हे समीकरण घेतले. याचे एक मूळ ४ आहे, हे कोणीही ताडून पाहू शकतो. पण घनसमीकरणाच्या कार्दानोच्या सूत्राने गेले की वाटेत √−१२१ आडवे येते. बॉम्बेलीने धीर करून या अशक्य संख्यांची आकडेमोड नेहमीसारखीच केली, तेव्हा सूत्रातली दोन घनमुळे २ + √−१ आणि २ − √−१ निघाली. बेरीज केल्यावर नको असलेला भाग आपोआप गेला आणि ४ उरले. खऱ्या गावाचा रस्ता अस्तित्वातच नसलेल्या मुलखातून जात होता. मग तो मुलूख नाही असे म्हणून कसे चालेल?

त्या मुलखाचा नकाशा मिळायला आणखी सव्वादोनशे वर्षे लागली. नॉर्वेत जन्मलेला भूमापक व्हेसेल आणि पुढे पॅरिसचा आर्गां यांनी संमिश्र संख्या कागदाच्या प्रतलावर मांडल्या. उणे एकने गुणणे म्हणजे अर्धा फेरा वळणे. मग क्ष² = −१ याचा अर्थ असा की कोणती कृती दोनदा केली असता अर्धा फेरा होतो? काटकोनात वळणे. डावीकडे वळा किंवा उजवीकडे, म्हणून मुळे दोन. ‘काल्पनिक’ म्हणून हिणवलेली संख्या एका साध्या वळणाचे नाव निघाली. गाउसने १७९९ च्या प्रबंधात दाखवायचे ठरवले ते हे की वास्तव सहगुणकांच्या कितीही घातांच्या बहुपदीचे एकघाती आणि द्विघाती अवयव पाडता येतात. म्हणजे वर्गसमीकरणासाठी ज्या नव्या संख्या घेतल्या, त्यापलीकडे शंभर घातांच्या समीकरणालाही आणखी काही लागत नाही.

या संख्या हाताला कशा लागतात ते पाहायचे तर मोटारसायकलचा शॉक ॲब्सॉर्बर पाहावा. चाक खड्ड्यातून गेल्यावर गाडी वर-खाली कशी होते, हे ठरवणारे समीकरण सोडवायला घेतले की त्यातून एक वर्गसमीकरण निघते. त्याचे तीन सहगुणक म्हणजे गाडीचे वस्तुमान, तेलाचा अवरोध आणि स्प्रिंगचा ताठपणा. विवेचक धन असेल तर दबलेली गाडी सावकाश, न डोलता मूळ जागी येते. ऋण असेल तर ती हेलकावते. तेल गळून गेले की अवरोध घटतो, विवेचक शून्याच्या बराच खाली जातो आणि गाडी उसळत राहते. अशा वेळी मुळांचा वास्तव भाग हेलकावे किती लवकर विरतील ते सांगतो आणि काल्पनिक भागावरून सेकंदाला किती हेलकावे होतील ते कळते. तो घड्याळ लावून मोजता येतो. शाळेत ‘वास्तव मुळे नाहीत’ असे लिहून जिथे गणित संपते, तिथे अभियांत्रिकीतली कंपने सुरू होतात.

भूमितीतही विवेचकाचे चिन्हच निवाडा करते. क्ष आणि य या दोन चलांचे द्विघाती समीकरण घेतले, तर क्ष², क्षय आणि य² यांच्या सहगुणकांवरून काढलेला विवेचक ऋण असता लंबवर्तुळ मिळते, शून्य असता अन्वस्त म्हणजे पॅराबोला आणि धन असता अपास्त. उष्णता पसरणे, तरंग पुढे सरकणे आणि विद्युत विभव यांची समीकरणेही याच कसोटीवर तीन जातींत विभागली जातात आणि त्यांची नावेही या तीन वक्रांवरूनच पडली आहेत.

आता ज्या भागावर माझे मनापासून प्रेम आहे, त्याकडे येतो. वर्गसमीकरणाला एक अट घाला: उत्तरे पूर्ण संख्याच हव्यात. लगेच सोपा विषय अतिशय खोल होतो. ब्रह्मगुप्ताने विचारले, एखाद्या वर्गाला ९२ ने गुणून एक मिळवला तर पुन्हा वर्गच येईल, असा वर्ग कोणता? हे वर्षभरात सोडवील तो गणिती, अशा अर्थाचे आव्हानही त्याने दिले. त्याची स्वतःची रीत अशी. १ घेतला तर ९२ मध्ये ८ मिळवल्यावर १०० येतात, म्हणजे १० चा वर्ग. एकाऐवजी आठ मिळवावे लागले, म्हणून हे उत्तर अर्धवट. पण ब्रह्मगुप्ताला अशी दोन अर्धवट उत्तरे एकत्र करून तिसरे तयार करता येत होते. त्या क्रियेचे नाव ‘भावना’. (१, १०) या जोडीची तिच्याशीच भावना केली की २ × १ × १० म्हणजे २० आणि १०० + ९२ म्हणजे १९२ मिळतात. आता मिळवायची संख्या ८ × ८ म्हणजे ६४ झाली. जोडीला आठाने भागा: अडीच आणि २४, मिळवायची संख्या एक. अडीच पूर्णांक नाही, म्हणून पुन्हा एकदा भावना. २ × अडीच × २४ म्हणजे १२०, आणि ५७६ + ५७५ म्हणजे ११५१. १२० च्या वर्गाला ९२ ने गुणून एक मिळवा, १३,२४,८०१ येतात. तोच ११५१ चा वर्ग. चार ओळींत काम झाले.

भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने याच्याही पुढची मजल मारली. ९२ च्या जागी ६० घातले तर उत्तर ४ आणि ३१, ६२ घातले तर ८ आणि ६३. मधल्या ६१ ला मात्र सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. हे उत्तर ‘बीजगणिता’त दिलेले आहे. १६५७ मध्ये फर्माने फ्रान्समधून हाच ६१ चा प्रश्न आव्हान म्हणून पाठवला तेव्हा तो पाचशे वर्षांपूर्वी सुटला आहे, हे त्याच्या मुलखात कोणाला ठाऊक नव्हते. आपल्याकडे त्या परंपरेची एक दगडी खूण शिल्लक आहे. चाळीसगावजवळ पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला होता आणि त्याची नोंद करणारा सन १२०७ चा शिलालेख तिथे आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. पाटणादेवीला जाणाऱ्या प्रत्येकाने तो पाहावा.

दोन उत्तरे जोडून तिसरे करण्याची कल्पना पुढे गाउसकडे वेगळ्या वाटेने आली. १८०१ च्या त्याच्या संख्या सिद्धान्तावरच्या ग्रंथात समान विवेचक असलेल्या द्विघाती रूपांचे, म्हणजे अ·क्ष² + ब·क्षय + क·य² अशा पूर्णांकी सहगुणकांच्या राशींचे, गट पाडलेले आहेत आणि त्या गटांचे आपसांत संयोजन कसे करायचे ते दिले आहे. काही विवेचकांना एकच गट असतो. अशा ऋण विवेचकांपैकी सर्वांत टोकाचा −१६३ असावा, असा गाउसचा कयास होता. या १६३ चा पडसाद अगदी अनपेक्षित ठिकाणी ऐकू येतो. ऑयलरने १७७२ मध्ये नोंदवलेली क्ष² − क्ष + ४१ ही राशी घ्या. क्ष ला १ पासून ४० पर्यंत किमती द्या: ४१, ४३, ४७, ५३, ६१ असे करत १६०१ पर्यंत चाळीसही वेळा मूळ संख्याच येते. या राशीचा विवेचक १ − १६४, म्हणजे −१६३. हा योगायोग नाही. एकच गट असणे आणि मूळ संख्यांची अशी अखंड रांग लागणे ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, हे राबिनोविचने १९१३ मध्ये सिद्ध केले.

गाउसचा कयास खरा असल्याची सिद्धता १९५२ मध्ये कुर्ट हेग्नर या जर्मन शिक्षकाने छापली. ती समजायला अवघड होती, तिच्यात त्रुटी आहे असा समज झाला आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले. १९६५ मध्ये हेग्नर वारले. त्यानंतर लवकरच ॲलन बेकर आणि हॅरोल्ड स्टार्क यांनी स्वतंत्रपणे सिद्धता दिल्या. मग स्टार्क यांनीच हेग्नर यांचा लेख तपासून जाहीर केले की तो मुळात बरोबर होता. वर्गसमीकरणांच्या इतिहासातला हा प्रसंग वाचताना मन खिन्न होते.

गाउसचे संयोजन पानेच्या पाने चालणारे आहे. कॅनडात जन्मलेल्या मंजुल भार्गव यांना संस्कृत पंडित आजोबांमुळे ब्रह्मगुप्ताच्या कामाची ओळख लहानपणीच झाली होती. प्रिन्स्टनच्या २००१ च्या प्रबंधात त्यांनी एक घन घेतला आणि त्याच्या आठ कोपऱ्यांवर आठ पूर्णांक ठेवले. घन तीन प्रकारे मधोमध कापता येतो. प्रत्येक कापातून एक द्विघाती रूप मिळते, तिन्हींचा विवेचक तोच आणि तिघांचे संयोजन केले की एकक रूप येते. गाउसचा सगळा नियम त्या एका घनात मावला, शिवाय वरच्या घातांसाठी तसलेच नवे नियम मिळाले. २०१४ मध्ये त्यांना फील्ड्स पदक देण्यात आले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

राहिले ते अधिक-उणे चिन्ह. दोन मुळे त्यांच्या सरासरीपासून सारख्याच अंतरावर असतात आणि समीकरणाला त्यांतली डावी कोणती, उजवी कोणती हे ठाऊक नसते. अदलाबदल करा, बेरीज-गुणाकार तेच राहतात. तीन, चार, पाच मुळे असतील तर अशा अदलाबदली किती आणि त्यांची आपसांतली बांधणी कशी, असा प्रश्न गाल्वाने विचारला. १८३२ मध्ये विसाव्या वर्षी तो मरण पावला. त्याच्या कागदांतून गट सिद्धान्त निघाला आणि ॲबेलने आधीच सिद्ध केल्याप्रमाणे पंचघाती समीकरणाला तसे सूत्र का नाही, त्याचे खरे कारण कळले.

इतके सगळे होऊनही एका साध्या राशीपुढे गणित अजून थांबलेले आहे. एखाद्या संख्येचा वर्ग करा आणि एक मिळवा: २, ५, १७, ३७, १०१ अशा मूळ संख्या अधूनमधून येतात. त्या कधी संपतात का? एकघाती राशींबद्दल असा प्रश्न डिरिक्लेने १८३७ मध्ये सोडवला. क्ष² + १ चा प्रश्न लांडाऊ यांनी १९१२ च्या केंब्रिजच्या जागतिक गणित परिषदेत मांडला, तेव्हाच तो सध्याच्या साधनांच्या आवाक्याबाहेरचा असल्याचे सांगितले होते. १९७८ मध्ये हेन्रिक इवानिएत्स यांनी दाखवले की फार तर दोनच मूळ अवयव असलेल्या अशा संख्या अनंत आहेत. दोनावरून एकावर अजून कोणालाही येता आलेले नाही. क्ष² + १ चे सोडाच, एका चलातली अशी एकही द्विघाती राशी आज माहीत नाही, जिच्यातून मूळ संख्या अनंत वेळा येतात असे सिद्ध झाले आहे.